खिळ्यावरचं कुलूप

रंजनाचा फोन आला तेव्हा सकाळची शाळा होती आणि शिकवायला जायच्या घाईत मी वेणी घालत होते. रंजना माझी भावजय, सहसा न रडणारी. त्या दिवशी ती नुसती रडत होती. मी पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही, एकच विचारलं, "लाईनवर होता का?" ती म्हणाली, "नाही बाई... घरीच. चहा पिता पिता मान टाकली." मी पुन्हा विचारलं, "खांबावर नव्हता ना पण?" ऐकणाऱ्याला वाटेल, काय बाई आहे ही, भाऊ गेल्याचं कळतं आणि चौकशा करते! पण माझा धाकटा भाऊ मिलिंद वीज कंपनीत लाईनमन म्हणून लागला त्या दिवसापासून मी या फोनची वाट पाहत होते. इथं मोहाडीत वारं सुटलं की माझ्या शेजारच्या बाया वाळवण उचलायला धावतात. मी फोन हातात घेऊन बसायची. तो लागला की माझं एकच वाक्य असायचं, "कुठं आहेस?" आणि त्याचं उत्तरही ठरलेलं, "खालीच आहो ना बाई, तू कायले भेतं एवढी?" इतकी वर्षं ज्याला भ्याले ते खांबावरून आलंच नाही. ते बशीतल्या चहातून आलं. मग एवढं भिऊन मी मिळवलं काय, असं तेव्हा वाटलं, आणि अजूनही वाटतं.

कारध्याला पोचले. भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की त्याचं दोन खोल्यांचं घर. दारात माणसं जमली होती, त्यांनी वाट करून दिली. आत शिरताना माझी नजर सवयीनं दाराच्या चौकटीशेजारच्या खिळ्यावर गेली. तिथं त्याचं लाल रंग दिलेलं कुलूप टांगलेलं होतं, उघडं, आणि किल्ली त्यातच होती. आमच्या घरात पोराबाळांनाही त्याचा अर्थ ठाऊक आहे. किल्लीसकट उघडं कुलूप म्हणजे मिलिंद कामावरून आला, त्याच्यासोबतचे सगळे खांबावरून खाली उतरले, आता निवांत जेवा. कुलूप सांगत होतं सगळं ठीक आहे, आणि त्याच्या खाली सतरंजीवर मिलिंदला निजवलं होतं. या कुलपाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला माझ्या भावाबद्दल काहीच सांगता यायचं नाही.

आम्ही मूळचे दिघोरीचे. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव तलावात गेले होते, आणि देवांच्या जागी पुस्तकं आली होती. एप्रिलात जयंतीच्या सुमारास विहारात सलग अठरा तास अभ्यासाला बसायची आमच्याकडे रीत आहे. लहानथोर सगळे सतरंजीवर, समोर पुस्तक, बोलणं बंद. एका वर्षी मास्तरांचा मुलगा म्हणून मिलिंदला पहिल्या रांगेत बसवलं होतं. तो तेव्हा दहाएक वर्षांचा असेल. उन्हं वर येईपर्यंत त्याच्या मांड्या हलत होत्या, मग बोटं हलायला लागली, मग डोळे छतावर. तेवढ्यात विहारातला पंखा बंद पडला. पाचेक मिनिटांनी पाहते तर माझ्या बाजूला पुस्तक उघडं आणि पोरगा गायब. आम्ही बाहेर येऊन बघतो तर हा बहाद्दर विजेच्या खांबावर! वायर दाताखाली धरलेली, एक पाय हवेत. आई किंचाळणार तोच शेजारच्या सखूबाईंनी तिच्या तोंडावर हात दाबला. "चूप राह्य बाई. आवाज देशीन तं तो खाली पाहीन, अन् पडन. फकत वर पाह्यत राह्य." आम्ही सगळे तसेच उभे राहिलो, माना वर करून, श्वास धरून. तो उतरला, विहारातला पंखा फिरायला लागला, आणि बाबांनी सगळ्या गावासमोर त्याच्या थोबाडीत दिली.

संध्याकाळी सखूबाई घरी आल्या. त्या शेतकरी घरच्या, देवाधर्माच्या. म्हणाल्या, "गुरुजी, पोराले बाहेरचं हाये. एक गंडा बांधून आना." बाबा उसळले. "आमच्या घरात कोणाच्या अंगात येत नाही, बाई! आळस येते फक्त. त्याले औषध माह्याजवळ आहे." या वाक्यावर मी पुढं खूप विचार केला. सखूबाईंच्या घरात पोरगं असं वागलं तर दोष भुताचा असायचा. गंडा बांधायचा, कोंबडं द्यायचं, आणि पोरगं सुटायचं. आमच्या घरात भूत नव्हतं. बाबांनी आम्हाला अंधश्रद्धेतून सोडवलं याचा मला अभिमान आहे, मरेपर्यंत राहील. पण भूत काढून टाकल्यावर दोष द्यायला शेवटी मिलिंदच उरला. ज्या समाजानं पुस्तकाच्या जोरावर मान वर केली, त्यात पुस्तकासमोर बसू न शकणारं पोरगं म्हणजे काय, ते सांगायला नको. तो स्वतःही तेच मानून मोठा झाला. "मी बयताड, येडा आहो बाई, मन लावतच नाही," असं हसत हसत म्हणायचा, आणि हसताना माझ्याकडे बघायचा नाही.

तो वाईट लाईनमन होता का? छे! वादळात झाड पडून तारा तुटल्या, पाच गावं अंधारात, साहेबांचे फोनवर फोन, अशा वेळी मिलिंदसारखा माणूस नव्हता. कुठली तार कुठून येते हे त्याला न बघता कळायचं. हात थरथरायचा नाही, भूक लागायची नाही. सगळी आरडाओरड चाललेली असताना हा एकटा शांत. घात व्हायचा तो साध्या दिवशी. पक्कड एका गावच्या खांबाखाली, चप्पल दुसऱ्या गावच्या. गाडीत पेट्रोल नसल्याचं पुलाच्या मधोमध कळायचं. दूध आणायला गेला की एखाद्याचा रेडिओ दुरुस्त करून यायचा, दूध सोडून. एकदा प्रज्ञाला, म्हणजे त्याच्या एकुलत्या एका मुलीला, बालवाडीतून आणायला निघाला आणि वाटेत कोणाची तरी मोटर बंद पडलेली दिसली, तिथंच थांबला. पोरगी बालवाडीच्या पायरीवर बसून राहिली. रंजना त्या दिवशी एवढं बोलली की मी मध्ये पडले नाही. घरात भांडणं व्हायची ती अशीच. तो कधी उलटून बोलायचा नाही. खर्रा घोटत बसायचा, सुपारी-तंबाखूचा तो लगदा गालात धरायचा आणि गप्प व्हायचा. गोष्टी हरवतात त्याचं काही नाही, सापडतात. मला धास्ती वेगळीच होती. ज्या माणसाला दूध आठवत नाही, त्याच्या हातात तारा आहेत. कोणीतरी वर चढलेलं असताना हा खाली काय विसरेल?

पावसाळ्याच्या तोंडावर आम्हा शिक्षकांचं भंडाऱ्याला प्रशिक्षण होतं. प्रशिक्षण म्हणजे समोसा आणि डुलकी, हे शिक्षकांना सांगायला नको. त्या दिवशी एक मनोविकारतज्ज्ञ मॅडम बोलायला आल्या होत्या, वर्गातल्या चंचल मुलांबद्दल. त्या बोलत होत्या आणि माझी झोप उडत चालली. जागेवर न बसणारं मूल, सांगितलेलं अर्ध्यात सोडणारं, आवडीच्या कामात मात्र जगाचं भान हरपणारं... ही बाई दिघोरीच्या विहारात बसली होती की काय! एडीएचडी म्हणतात याला, त्या म्हणाल्या; हा आळस नाही, लाडानं बिघडणंही नाही, मेंदूची ठेवणच तशी असते, आणि पुष्कळांची मोठेपणीही तशीच राहते. सगळे समोशाकडे गेले. मी मॅडमना दारात गाठलं. विचारलं, "मॅडम, असं मूल चाळिशीचं झालं आणि विजेच्या खांबावर चढायला लागलं तर?" त्या म्हणाल्या, "त्यांना घेऊन या. लवकर या."

लवकर कसलं! मिलिंदला सांगितलं तर तो हसला. "पागलाच्या डॉक्टरकडे? अन् कोनी पाह्यलं तं? गावात बोंब होईन ना, पागल लाईनमन खांबावर चढते म्हून." रंजनानंही मान हलवली. नोकरी जाईल, पोरीचं लग्न अडेल, सगळं बोलून झालं. मी गप्प बसणारी नाही, पण भांडून माणूस दवाखान्यात नेता येत नाही.

मग रोवण्याचे दिवस आले. धान लावायला बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पाणी हवं, पाण्याला मोटर हवी, मोटरला लाईन हवी. त्या दिवसांत लाईनमनला लोक उभं खातात. एका गावच्या शिवारात तार ढिली झाली होती. मिलिंदनं डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतून, लाईन बंद केली आणि त्याचा जोडीदार गजानन खांबावर चढला. मिलिंद खाली, पेटीजवळ. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, शेतकरी उभे, "भौ, कवा येते लाईन?" एकानं हाताला धरून ओढलं, जवळच त्याच्या मोटरचं स्टार्टर बिघडलं होतं. मिलिंद गेला. पाहता पाहता दुरुस्त केलं, खूश झाला. काम झालं. काम झालं म्हणजे काय करायचं? लाईन सोडायची. तो सरळ पेटीपाशी आला आणि लाईन सोडली. शिवारातल्या मोटरी धडधडल्या, पाईपातून पाणी आलं, लोकांनी आरोळ्या ठोकल्या, आणि त्याच्या पाठीमागून आवाज आला, "मिलिंदभौ... मी आताच उतरलो ना खाली. खर्रा खायले." गजानन उभा होता, हातात खर्ऱ्याची पुडी तशीच, तोंड पांढरंफटक.

गजाननानं कोणाला सांगितलं नाही. मिलिंद त्याच पावली माझ्याकडे मोहाडीला आला, भर दुपारी, चिखलाच्या पायांनी. अंगणातच बसला. मी पाणी दिलं, ते त्यानं तसंच बाजूला ठेवलं. "बाई, मी त्याले मारलं होतं," तो म्हणाला. मला कळेना. "तो मेला नाही म्हून काय झालं? मी तं मारलं होतं. मले आठोलाच नाही तो वर आहे म्हून. डोस्क्यात कुठीच नव्हता तो, बाई... कुठीच नव्हता." एवढा मोठा माणूस, पण मला तो खांबावरचा पोरगाच दिसला, एक पाय हवेत असलेला. मी ओरडले नाही. त्याच्याजवळ बसले आणि म्हटलं, "उद्या भंडाऱ्याला मॅडमकडे जायचं." तो म्हणाला, "हाव."

मॅडमच्या खोलीत आम्ही बराच वेळ होतो. मला वाटलं होतं दोन प्रश्न विचारतील आणि गोळी लिहून देतील. तसं झालं नाही. लहानपणचं सगळं विचारलं, त्याला बाहेर बसवून मला विचारलं, मग रंजनाला बोलवायला सांगितलं. झोप, दारू, उदासी, थायरॉईड, सगळं चाळून काढलं. खर्ऱ्याबद्दलही विचारलं, आणि म्हणाल्या की पुष्कळ लोक तंबाखूच्या तलफेत नकळत हेच शोधत असतात, क्षणभर डोकं जागेवर येणं. आमचे बाबा हृदयविकारानं अवेळी गेले हे ऐकल्यावर त्यांनी आधी हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवलं, तपासण्या झाल्या, त्यांनी हरकत नाही सांगितल्यावरच गोळी सुरू केली, तीही अगदी लहान. त्याआधी पहिली अट, सध्या खांबावर चढायचं नाही आणि पेटीला हात लावायचा नाही. मिलिंदनं साहेबांना पाठदुखीचं कारण सांगून दुसरं काम मागितलं. मॅडमनी आजार समजावून सांगितला तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे सप्लाय बरोबर आहे. व्होल्टेज वरखाली होते." मॅडम हसल्या. मी मात्र त्याच्या तोंडाकडे बघत होते. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. खाली उतरताना जिन्यात म्हणाला, "बाबा असते तं त्यायले सांगतलं असतं... आळस नव्हता म्हून."

गोळीच्या पहिल्या दिवशी त्याचा फोन आला. मी घाबरतच उचलला. "बाई, मले भेव लागून राह्यलं." काय होतंय, छातीत दुखतंय का, विचारत सुटले. तो म्हणाला, "नाही वो. चूप झालं सारं. डोस्क्यात बाजार भरून राहे ना रोज, तो उठला. इतकं चूप मले कधीच नव्हतं. लोकं असेच राहते का, बाई?" मला माहीतच नव्हतं की त्याच्या डोक्यात जन्मभर मोहाडीचा आठवडी बाजार भरलेला असतो. मग तोंड कोरडं पडणं, जेवण कमी होणं, झोप उशिरा येणं हेही आलं. मात्रा कमीजास्त करत मॅडमनी ते सांभाळलं. त्यांनी दुसरीही एक गोष्ट सांगितली होती. गोळी लक्ष द्यायला मदत करील, पण जिथं जीव जाऊ शकतो तिथं आठवणीवर विसंबू नका, आठवण डोक्याबाहेर काढून हातात धरता येईल अशा वस्तूत ठेवा. त्यावरून मिलिंदनं कुलूप आणलं, लाल रंगवलं. कंपनीचे नियम, जोडीदाराशी बोलणं, ते सगळं होतंच. त्याच्या वर हे त्याचं स्वतःचं. लाईन बंद केली की पेटीला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली दोऱ्यानं गळ्यात घालायची. वरचा माणूस खाली येऊन समोर उभा राहिल्याशिवाय, त्याच्या खांद्याला हात लावल्याशिवाय, किल्ली गळ्यातून काढायची नाही. शेतकरी कितीही ओरडोत. बंद कुलूप, किल्ली गळ्यात, म्हणजे कोणीतरी वर आहे. घरी आला की उघडं कुलूप किल्लीसकट खिळ्यावर. मॅडमनी परवानगी दिल्यावर तो पुन्हा लाईनवर गेला, तेव्हा पहिल्या दिवशी गजाननच त्याच्या जोडीला होता, मागून घेतला होता त्यानं. गजाननाच्या बायकोला हे कळलं असतं तर तिनं काय केलं असतं कोण जाणे. त्याला म्हणे मिलिंदनं एवढंच सांगितलं, "तू चढ. मी खाली काही बोलत नाही, फकत वर पाह्यतो." सखूबाईंचं वाक्य तो कधीच विसरला नव्हता.

मिलिंदची पुढची दोन वर्षं चांगली गेली. माझी भीती काही गेली नाही, पण ती जरा खाली बसली. या काळात प्रज्ञा, बालवाडीच्या पायरीवर बसलेली ती पोट्टी, भंडाऱ्याला नर्सिंग शिकायला लागली होती. एक दिवस बापाचं सगळं शांतपणे ऐकून म्हणाली, "पप्पा, हे तर मी आहे." बापच तिला घेऊन गेला. तिचीही तशीच तपासणी झाली, तिलाही तेच निघालं, औषध सुरू झालं. बापलेक सकाळी समोरासमोर बसून गोळी घ्यायचे आणि एकमेकांना "चिअर्स" म्हणायचे. रंजना कपाळाला हात लावायची, पण घरातली भांडणं थांबली होती, आणि तीच मला म्हणाली होती, "बाई, माझा नवरा मले आता भेटला."

आणि मग तो सकाळचा चहा.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला घर भरलं होतं. वंदना झाली, माणसं जेवायला बसली, आणि आमचे एक नात्यातले भाऊजी, खर्ऱ्यानं लाल झालेलं तोंड पुसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डोक्याच्या गोळ्या खाऊन राहिला होता म्हणे. त्यानंच हार्ट गेला." मी वाढत होते. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही तीस वर्षं खर्रा खाऊन राहिले, तुमचं हार्ट काहून नाही गेलं?" बाया हसल्या, पण माझ्या हातातली भाताची परात जड झाली. खरं असलं तर? त्याला तिथं नेणारी मीच ना? मी आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. समोर प्रज्ञा होती, हातात रिकामा पेला. तिनंही ऐकलं होतं. आणि तिच्यामागं रंजना, जिनं माझ्याकडे न बघता म्हटलं, "आता बस झालं, बाई. एक गेला. पोरीले मी गोळी खाऊ देत नाही."

दुसऱ्याच आठवड्यात मी मॅडमकडे गेले, एकटी. सरळ विचारलं, गोळीनं गेला का तो? त्यांनी गोलमाल केलं नाही. आधीच्या आणि मधल्या तपासण्या काढून दाखवल्या, बाबांचं अवेळी जाणं, त्याची जन्माची तंबाखू, सगळं बोलल्या. म्हणाल्या, "माझ्या मते नाही. पण शंभर टक्के नाही असं मी तुम्हाला सांगितलं, तर ते खोटं होईल." मला त्या बाईचा राग आला आणि तिच्यावर विश्वासही बसला. प्रज्ञाचं काय, मी विचारलं. "तिनं स्वतः यावं. पुन्हा तपासू, औषध बदलता येतं, थांबवून बघता येतं. पण घाबरून घरी बसू नका. न तपासता घेणं धोक्याचं आहे आणि न विचारता सोडून देणंही." मी कारध्याच्या रिक्षात बसले आणि पूल ओलांडेपर्यंत रडले. आता मी दोन्हीकडून भीत होते. पोरीनं गोळी घेतली तरी, नाही घेतली तरी.

प्रज्ञानं गोळी सोडून दिली होती. मी रविवारी जायची तर घर हळूहळू जुन्या वळणावर येत होतं. गाडीची किल्ली गाडीलाच, ओले कपडे बादलीत, अर्धी भाजी चिरलेली. एकदा मी दारात पाऊल टाकलं आणि गॅसचा वास आला. शेगडी उघडी, पेटवलेली नाही, पोरगी मागच्या अंगणात फोनवर. मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि तिथंच खाली बसले. ती आली, तिला कळलं. ती माझ्याजवळ बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आत्या, हे काहीच नाही. काल वार्डात माझ्या हातात सलाईन होतं. एका पेशंटचं. मी दुसऱ्याच्या खाटेपाशी उभी होती. सिस्टरनं हात धरला म्हणून..." मला गजाननाची पुडी आठवली. सगळीच माणसं काही वेळेवर खर्रा खायला खाली उतरत नाहीत. दारात रंजना उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "माझं डोकंच चालत नाही, बाई. इकडं मरण, तिकडं मरण." मी तिचा हात धरून तिला आमच्याजवळ बसवलं. मी डॉक्टरचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं, शंभर टक्क्यांचंही. लपवलं काहीच नाही. आणि म्हटलं, "मी ओढून नेणार नाही. पोरी, तुझं तू ठरव." एवढं बोलायला मला किती जड गेलं, ते माझं मला ठाऊक.

काल शाळा सुटल्यावर मी कारध्याला गेले. दारातून आत शिरताना नजर सवयीनं खिळ्यावर गेली, आणि खिळा रिकामा होता. मिलिंद गेल्यापासून ते कुलूप कोणी हलवलं नव्हतं. मी ओरडलेच, "कुलूप कुठं गेलं?" रंजना आतून आली. तिचे डोळे सुजलेले होते. "प्रज्ञा घेऊन गेली," ती म्हणाली. "डॉक्टरकडे गेली जी. एकटीच. मी येतो म्हटलं तर नको म्हणाली. कुलूप बॅगेत टाकलं अन् गेली." तिनं मला चहा दिला. तिच्या घरी त्या दिवसानंतर मला चहा जात नाही, तरी मी घेतला. दोघी दाराकडे तोंड करून बसलो. पुलावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज त्या घरात ऐकू येतो. रंजनाला विचारलं, "तुले भेव लागते का?" ती म्हणाली, "लय." मी म्हटलं, "मलेही."

दिवेलागणीच्या आधी तिची गाडी वाजली. पोरगी आत आली, चपला नीट काढल्या. काय म्हणाले डॉक्टर, कोणी विचारलं नाही, तिनंच सांगितलं. ईसीजी काढला, रक्त दिलं, हृदयाच्या डॉक्टरकडे उद्या जायचं आहे, त्यांनी हो म्हटलं तर लहान मात्रेपासून पुन्हा सुरू, दर थोड्या दिवसांनी तपासायचं. आणि तोवर वार्डात एकटीनं औषध द्यायचं नाही, हे तिनं स्वतः सिस्टरला सांगून टाकलं होतं. मग तिनं बॅगेतून कुलूप काढलं आणि खिळ्यावर टांगलं. मी बघतच राहिले. कुलूप बंद होतं. किल्ली त्यात नव्हती. ती तिच्या गळ्यात होती, बापाच्या त्याच काळ्या मळलेल्या दोऱ्यात.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "अजून उतरली नाही मी, आत्या."

रंजनानं तोंडाला पदर लावला. माझ्या ओठावर शंभर गोष्टी आल्या होत्या, जप, सांभाळ, छातीत धडधडलं तर लगेच सांग, नाहीतर राहूच दे... मी एकही बोलले नाही. खाली उभं राहणाऱ्यानं आवाज द्यायचा नसतो. मान वर करून मी नुसती तिच्याकडे पाहत राहिले.